दिंडी दरवाजा आणि खोलीचं कुलूप : ऑफिसातल्या शेअर फोल्डरवर कुणाचा हक्क किती?

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा सुरक्षा-आधार संपला आणि बऱ्याच छोट्या ऑफिसांनी एखाददुसरं नवीन मशीन आणलं. मशीन सुरू झालं, प्रिंटर लागला, टॅली उघडलं. पण कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरवरचा, सगळे वर्षानुवर्षं वापरत असलेला 'डेटा' फोल्डर काही उघडेना. स्क्रीनवर निरोप आला तो असा : तुमच्या संस्थेच्या सुरक्षा धोरणानुसार, ओळख न पटवलेल्या पाहुण्याला इथे प्रवेश नाही. संस्था कसली, धोरण कुणी ठरवलं, आणि आपल्याच ऑफिसात आपण पाहुणे कसे?

मग हार्डवेअरवाल्याला फोन जातो. तो येतो, दोन कमांड टाकतो, फोल्डर उघडतो, चहा होतो. त्या दोन कमांडनी नेमकं काय बंद केलं, हे विचारायला कुणाला सवड नसते.

छोट्या ऑफिसांची नेटवर्क लावणं आणि सांभाळणं हे माझं रोजचं काम आहे, आणि हा प्रसंग मी इतक्या वेळा पाहिलाय की त्यावर एकदा नीट लिहावं असं वाटलं. विंडोजने विचारलेला प्रश्न चुकीचा नाही. 'तू कोण?' एवढंच ते विचारतंय. आपल्या ऑफिसात हा प्रश्न आजवर कुणी विचारलाच नव्हता, अडचण ती आहे.

विंडोजला अचानक झालं काय?

एका कॉम्प्युटरवरचा फोल्डर दुसऱ्यावर दिसतो तो एसएमबी नावाच्या बोलीमुळे. दोन मशीन या बोलीत एकमेकांकडे फाइल मागतात आणि देतात. ही बोली १९८०च्या दशकातली आहे. तेव्हा नेटवर्क म्हणजे एका खोलीतली ओळखीची मशीन, त्यामुळे 'पासवर्ड नाही? ठीक आहे, पाहुणा म्हणून या' ही सोय तिच्यात राहून गेली.

२०२४च्या शेवटी आलेल्या २४एच२ या आवृत्तीपासून विंडोज ११ प्रोने दोन गोष्टी बदलल्या. पाहुण्याच्या नावाने होणारी जोडणी नाकारायला सुरुवात केली. आणि दोन मशीनमधल्या प्रत्येक निरोपावर सही असलीच पाहिजे, असा आग्रह धरला. ही सही म्हणजे पूर्वी लखोट्यावर लाखेचा शिक्का असायचा तशी : वाटेत कुणी लखोटा फोडून मजकूर बदलला तर कळावं म्हणून. शिक्का तयार होतो पासवर्डाच्या आधाराने. पाहुण्याला पासवर्डच नसतो, त्यामुळे त्याला शिक्काही उमटवता येत नाही. म्हणून तो दारातच अडतो.

त्या दोन कमांड बहुतेक वेळा हेच दोन आग्रह मोडून काढतात. फोल्डर उघडतो, पण तो तुमच्यासाठी उघडतो तसाच तुमच्या वायफायवर आलेल्या कुणासाठीही उघडतो.

वाड्याला दोन दारं असतात

विंडोजमध्ये शेअर केलेल्या फोल्डरवर हक्कांचे दोन वेगळे थर असतात. लोकांचा गोंधळ होतो तो इथेच, म्हणून जरा सावकाश जाऊ.

जुना वाडा डोळ्यांपुढे आणा. बाहेर दिंडी दरवाजा, आत चौक, चौकाभोवती खोल्या आणि प्रत्येक खोलीला आपलं कुलूप. दिंडी दरवाजा म्हणजे शेअरचा हक्क. नेटवर्कवरून येणाऱ्या प्रत्येकाला तो ओलांडावा लागतो. इथे तीनच पायऱ्या आहेत : 'रीड', म्हणजे फक्त बघणं, 'चेंज', म्हणजे बघणं, लिहिणं, पुसणं, आणि 'फुल कंट्रोल', म्हणजे याउपर हक्क वाटण्याचाही हक्क.

खोलीचं कुलूप म्हणजे फाइल-व्यवस्थेचा हक्क. विंडोज ज्या पद्धतीने डिस्कवर फाइली मांडतं तिला एनटीएफएस म्हणतात. १९९३पासून ती आहे आणि प्रत्येक फोल्डरवर, प्रत्येक फाइलवर कुणाला काय करता येईल ते ती लिहून ठेवते. फोल्डरवर राइट-क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये गेलात की 'सिक्युरिटी' नावाचा टॅब दिसतो, तो हाच.

नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्ही दारं ओलांडावी लागतात, आणि दोन्हींत जे अधिक कडक असेल ते चालतं. दारावर 'फुल कंट्रोल' आणि खोलीवर 'रीड' असेल, तर हाती फक्त बघणं. दारावर 'रीड' आणि खोलीवर सगळं असलं, तरीही फक्त बघणंच. 'मी सिक्युरिटीत सगळं दिलंय, तरी सेव्ह का होत नाही?' असं जेव्हा कुणी विचारतं, तेव्हा दिंडी दरवाजावर 'रीड' असतं. ॲडव्हान्स्ड शेअरिंगमधून फोल्डर शेअर केला की विंडोज स्वतःहून तेवढंच देतं.

आणि जो माणूस त्याच मशीनसमोर बसलाय, त्याचं काय? तो वाड्यात राहणारा. दिंडी दरवाजा त्याला लागतच नाही, त्याला अडवेल ते फक्त खोलीचं कुलूप. म्हणून फोल्डर ज्या मशीनवर आहे ते मशीन रिसेप्शनवर ठेवून दिवसभर तिथे कुणालाही बसू देणं योग्य नाही. पेनड्राइव्हवर तर कुलूपच नसतं. त्यांच्यावरच्या फॅट३२ आणि एक्सफॅट या मांडणीत हक्क लिहायला जागाच नाही. पेनड्राइव्ह किंवा तशी एक्स्टर्नल डिस्क शेअर केली, तर हातात राहतो फक्त दिंडी दरवाजा.

प्रत्येक फोल्डरचा सातबारा

सातबाऱ्यावर भोगवटादाराचं नाव असतं, आणि 'इतर अधिकार' रकान्यात कुणाचा बोजा, कुणाची विहीर, कुणाची वाट ते लिहिलेलं असतं. एनटीएफएस प्रत्येक फोल्डरचा असाच उतारा ठेवतं : मालक कोण, कुणाला बघता येईल, कुणाला लिहिता येईल. ज्याचं नाव त्या यादीत कुठेच नाही, त्याला काहीच नाही. मुद्दाम नकार लिहिण्याची गरज नसते.

एका माणसाचं नाव दोन-तीन गटांत असेल तर त्याचे हक्क एकत्र धरले जातात. एका गटाला वाचन, दुसऱ्याला लेखन, तर त्याला दोन्ही. पण 'डिनाय', म्हणजे स्पष्ट नकार, लिहिला असेल तर तो त्याच फोल्डरवरच्या होकारावर मात करतो. नवशिक्यांना डिनाय फार आवडतं, आणि म्हणूनच ते धोक्याचं आहे. एका ऑफिसात पगाराचा फोल्डर बंद करायला कुणीतरी 'यूजर्स' गटाला डिनाय दिलं. त्या ऑफिसचे मालकही 'यूजर्स'मध्येच होते, जसे सगळेच असतात. महिनाअखेरीला पगाराची शीट कुणालाच उघडेना. नकार लिहू नका, होकार काढून घ्या. मी गेल्या कित्येक वर्षांत डिनाय वापरल्याचं मला आठवत नाही.

आता वारसा. नवीन फोल्डर केला की तो आपल्या वरच्या फोल्डरचे हक्क आपोआप घेतो. यात एक मोठा खड्डा आहे. डी ड्राइव्हवर एनटीएफएसची साधी मांडणी असते तेव्हा तिच्या मुळाशीच लिहिलेलं असतं : 'ऑथेंटिकेटेड यूजर्स', म्हणजे पासवर्ड देऊन आत आलेला कुणीही, त्याला 'मॉडिफाय'. मॉडिफायमध्ये बघणं, बदलणं आणि पुसणं तिन्ही येतं. तुम्ही तिथे 'पगार' नावाचा फोल्डर केलात की हा हक्क वारशाने त्यालाही मिळाला. वर तुम्ही तुमचं नाव हौसेने जोडलंत, तरी बाकीच्यांचा हक्क तसाच राहिला. नाव जोडल्याने कुणी वगळलं जात नाही.

म्हणून बंदिस्त फोल्डरसाठी पहिलं काम म्हणजे वारसा तोडणं. सिक्युरिटी टॅबमध्ये 'ॲडव्हान्स्ड'वर जा, 'डिसेबल इनहेरिटन्स' निवडा, आणि पुढच्या प्रश्नाला 'कन्व्हर्ट' असं उत्तर द्या. म्हणजे आलेले हक्क आता तुमच्या हातात आले, हवे ते काढता येतात. 'ऑथेंटिकेटेड यूजर्स' आणि 'यूजर्स' काढून टाका. 'सिस्टीम', म्हणजे खुद्द विंडोज, आणि 'ॲडमिनिस्ट्रेटर्स', म्हणजे मशीनवर सगळे हक्क असलेली खाती, यांना मात्र हात लावू नका, बॅकअप आणि अँटिव्हायरस त्यांच्या जोरावर चालतात.

एक बारीक गोष्ट इथेच सांगतो, कारण ती नंतर शोधताना दिवस जातो. त्याच ड्राइव्हवर फाइल एका फोल्डरातून दुसऱ्यात हलवली तर ती आपले जुने हक्क घेऊन जाते. कॉपी केली तर नव्या फोल्डरचे हक्क घेते. 'सर्वांसाठी' फोल्डरात फाइल सगळ्यांना दिसतेय पण उघडत नाही, अशी तक्रार आली तर ती बहुधा बंद फोल्डरातून ओढून आणलेली असते.

हक्क माणसाला नको, कामाला द्या

सांगली-कोल्हापूरकडचं सीएचं एक ऑफिस कल्पा. दोन भागीदार, एक अकाउंटंट, तीन आर्टिकलशिपची, म्हणजे सीए होण्यासाठी उमेदवारी करणारी मुलं, एक टायपिस्ट, रिसेप्शनवर एक ताई. नऊ मशीन, त्यातलं एक फक्त डेटासाठी. फोल्डरांत काय असतं? क्लायंटचे पॅन, आधार, बँक पासबुकांचे स्कॅन, रिटर्न, ऑडिटचे कागद, ऑफिसचे पगार, पत्रांचे नमुने. आणि जवळपास प्रत्येक ठिकाणी एक एक्सेल शीट, जिच्यात सगळ्या क्लायंटचे आयकर आणि जीएसटी पोर्टलचे यूजर-आयडी आणि पासवर्ड ओळीने लिहिलेले. या शीटची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. क्लायंट तुमच्यावर विश्वास ठेवून आपल्या घराची किल्ली देतो, आणि ती किल्ली सगळ्यांच्या हाताशी खिळ्याला टांगलेली असते.

इथे नावानिशी हक्क द्यायला बसलात तर आठ माणसं गुणिले सहा फोल्डर, आणि वर दर वर्षी माणसं बदलणार. आर्टिकलशिप २०२३पासून दोन वर्षांची झाली आहे, म्हणजे मुलं आणखी लवकर बदलतात. तेव्हा माणसांऐवजी कामांचे गट करा. 'भागीदार', 'हिशोब', 'ऑडिट' आणि सगळ्यांना सामावणारा 'ऑफिस'. फोल्डरवर लिहायची ती गटांची नावं, माणसं फक्त गटात टाकायची आणि गटातून काढायची.

मग मांडणी अशी होते. 'पगार' फक्त भागीदारांना. 'क्लायंट'मध्ये हिशोब आणि ऑडिट या दोन्ही गटांना मॉडिफाय, रिसेप्शनला काही नाही. 'नमुने' सगळ्यांना रीड, बदलण्याचा हक्क एकाच माणसाकडे, म्हणजे कुणी घाईत पत्राच्या मूळ नमुन्यावरच क्लायंटचं नाव टाकून सेव्ह करणार नाही. पोर्टलच्या पासवर्डांची शीट या सगळ्यातून बाहेर काढा. पासवर्ड सांभाळण्यासाठी वेगळी सॉफ्टवेअर मिळतात. तोवर निदान ती वेगळ्या फोल्डरात आणि मोजक्या दोन माणसांकडे असू दे.

दिंडी दरवाजावर काय ठेवायचं? तिथलं 'एव्हरीवन', म्हणजे 'सगळ्यांना', काढा, 'ऑफिस' गटाला 'चेंज' द्या, आणि पुढची सगळी वाटणी खोल्यांच्या कुलपांवर करा. दोन्हीकडे वेगवेगळी कारागिरी केलीत तर सहा महिन्यांनी तुम्हालाच उलगडा होणार नाही. 'फुल कंट्रोल' का नको, तर जो फाइल तयार करतो तो तिचा मालक ठरतो आणि मालकाला तिचे हक्क बदलता येतात. दारावर 'चेंज' असलं की नेटवर्कवरून ते करता येत नाही.

झेरॉक्स-स्कॅनर मशीन स्कॅन थेट फोल्डरात टाकत असेल तर त्याच्यासाठी वेगळं खातं करा आणि त्याला फक्त 'स्कॅन' फोल्डर द्या. मालकाचं नाव-पासवर्ड त्या मशीनमध्ये भरून ठेवलेलं मी अनेकदा पाहिलंय. ते मशीन दुरुस्तीला जातं, विकलंही जातं. आणि ते इतकं जुनं असेल की एसएमबीची पहिली आवृत्तीच त्याला कळते, तर स्कॅन ईमेलने किंवा पेनड्राइव्हवर घ्या. ती आवृत्ती परत चालू करू नका. २०१७च्या वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसच्या हल्ल्याने नेमकी तिच्यातलीच भेग वापरली होती.

खातं केलं, हक्क दिले, तरी उघडत नाही!

इथे लोक कंटाळतात आणि 'एव्हरीवन'वर परत येतात. कारणं मात्र मोजकीच असतात.

फोल्डर ज्या मशीनवर आहे, त्या मशीनवर प्रत्येक माणसाचं खातं आणि पासवर्ड असायला हवा. तिथला पासवर्ड रिकामा ठेवलात तर चालत नाही : रिकामा पासवर्ड असलेल्या खात्याला विंडोज समोर बसून आत घेतं, नेटवर्कवरून घेत नाही. आपण मशीन उघडताना टाकतो तो चार आकडी पिनही चालत नाही, तो त्या एका मशीनपुरताच असतो. नेटवर्कला हवा असतो खरा पासवर्ड. एकदा विचारला की 'लक्षात ठेव' असं सांगता येतं.

दुसरं, एकाच मशीनवरून एकाच वेळी दोन वेगळ्या नावांनी त्याच मशीनकडे जाता येत नाही. आधी मालकांचं नाव टाकून फोल्डर उघडून बघितला आणि मग टायपिस्टचं नाव टाकलं, की विंडोज अडून बसतं. साइन आउट करून परत या. क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये जुनं नाव जपून ठेवलेलं असेल तर तेही पुसा.

तिसरं, गटात नाव टाकलं तरी हक्क लगेच लागू होत नाही. माणूस कुठल्या गटांत आहे याची नोंद साइन-इनच्या वेळी होते. एकदा बाहेर पडून आत आलं की झालं.

विंडोजच्या होम आवृत्तीत गट करण्याची खिडकीच नाही, म्हणून डेटाच्या मशीनवर प्रो घ्या. आणि साधं विंडोज एका वेळी २० जोडण्यांपर्यंतच फोल्डर वाटतं. त्याहून मोठं ऑफिस असेल तर विंडोज सर्व्हर किंवा नास नावाची डिस्कपेटी लागेल. नाव, गट, हक्क ही भाषा मात्र तिथेही तीच.

'आमची माणसं घरच्यासारखी आहेत'

हे वाक्य मी प्रत्येक ऑफिसात ऐकतो, आणि ते खरंच असतं. वीस-वीस वर्षं एकत्र काम केलेल्या माणसांसमोर कुलूप लावायला मालकांना अवघड वाटतं. ती भावना मला समजते. पण कुलूप त्या माणसासाठी नसतं. त्याच्या नावाने जे काही चालतं, त्या सगळ्यासाठी असतं.

टायपिस्टने कुरिअरची पावती समजून ईमेलमधली फाइल उघडली आणि ती खंडणीखोर व्हायरसची निघाली. तो व्हायरस आता तिच्या नावाने वावरतोय. तिला जिथे लिहिता येतं तिथल्या फाइली तो कुलूपबंद करतो, जिथे नुसतं बघता येतं तिथल्या करू शकत नाही. सगळ्यांना सगळीकडे 'फुल कंट्रोल' असेल तर एका क्लिकमध्ये अख्ख्या ऑफिसचा डेटा जातो. तिला फक्त 'पत्रव्यवहार' आणि 'स्कॅन' दिलेले असतील तर तेवढेच जातात, आणि ते बॅकअपमधून दुपारपर्यंत परत आणता येतात. टायपिस्टताईंना हक्क कमी दिले म्हणजे संशय घेतला असं नाही. उद्या काही झालं तर 'तुमच्यामुळे ऑफिस बुडालं' हे ऐकण्याची वेळ त्यांच्यावर येणार नाही. ऑफिसात हे असंच समजावून सांगा. लोक समजून घेतात.

हे किती दूर जाऊ शकतं ते आपल्याकडे दिसलेलं आहे. २७ जून २०१७ला न्हावा शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. ते टर्मिनल मर्स्क या डॅनिश जहाज-उद्योगातल्या कंपनीकडे होतं, आणि मर्स्कच्या जगभरच्या नेटवर्कमध्ये नॉटपेट्या नावाचा व्हायरस पसरला होता. तो शिरला कुठून, तर युक्रेनमध्ये कराच्या हिशोबासाठी वापरल्या जाणाऱ्या एम.ई.डॉक या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. पसरण्याचा त्याचा एक मार्ग होता एसएमबीमधली वॉनाक्रायने वापरलेली तीच भेग, जिच्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. दुसरा मार्ग आपल्या विषयाच्या अगदी मुळाशी जातो : मशीनच्या मेमरीतून तो ॲडमिनिस्ट्रेटरची नावं-पासवर्ड उचलायचा आणि शेजारच्या मशीनवर विंडोजने स्वतःच शेअर करून ठेवलेल्या 'ॲडमिन-डॉलर' नावाच्या छुप्या फोल्डरात आपली प्रत टाकायचा. त्याच्यापुढे ही दुरुस्ती केलेलं मशीनही टिकत नव्हतं, कारण तो भिंत फोडून नाही, किल्ली लावून येत होता. जवळपास ४५,००० कॉम्प्युटर आणि ४,००० सर्व्हर नव्याने उभे करावे लागले, असं मर्स्कचे अध्यक्ष जिम हागेमान स्नाबे यांनी पुढच्या जानेवारीत दावोसला सांगितलं.

नऊ मशीनच्या ऑफिसाने यातून घ्यायचं ते एवढंच : रोजचं काम ॲडमिनिस्ट्रेटरच्या खात्यावर करू नका, आणि सगळ्या मशीनना ॲडमिनिस्ट्रेटरचा एकच पासवर्ड ठेवू नका. भागीदारांनीसुद्धा. विशेषतः भागीदारांनी, कारण सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या त्यांच्या नावावर असतात. बॅकअपची डिस्क कायम जोडून ठेवू नका, तिथेही लिहिण्याचा हक्क पोचतोच.

'बघू दे, पण कॉपी करता येऊ नये', 'लिहू दे, पण डिलीट नको'

पहिली मागणी शेअर फोल्डरच्या हक्कांनी पुरी होत नाही. फाइल बघणं म्हणजे ती त्या मशीनच्या मेमरीत येणं. आली की ती कॉपी झालीच, मग माणूस ती पेनड्राइव्हवर घेवो की मोबाइलने स्क्रीनचा फोटो काढो. ज्याची प्रत बाहेर गेलेली चालणार नाही, ते वाचायलाच देऊ नका.

दुसरी मागणी ऐकायला सोपी आहे आणि विंडोजमध्ये तशी सोयही दिसते : 'डिलीट'ची खूण काढून टाका. पण एक्सेल आणि वर्ड फाइल सेव्ह करताना आधी एक तात्पुरती फाइल बनवतात, तिच्यात सगळं लिहितात, मग जुनी बाजूला सारून नवीनला तिचं नाव देतात. यात पुसण्याचा हक्क लागतोच. तो काढला की सेव्ह करताना चुका यायला लागतात आणि फोल्डरात अर्धवट नावांच्या फाइलींचा कचरा साठतो. चुकून पुसलेलं परत मिळावं हे खरं दुखणं असेल, तर त्यावर औषध बॅकअप आहे. नेटवर्कवरून पुसलेली फाइल बहुधा रीसायकल बिनमध्येही जात नाही, हे बऱ्याच जणांना वेळ गेल्यावर कळतं.

फोल्डर लपवला तर? शेअरच्या नावाच्या शेवटी डॉलरची खूण लावली की तो यादीत दिसत नाही, पण नाव माहीत असलेल्याला उघडतो. ॲडमिन-डॉलर असाच लपलेला होता.

टॅलीबद्दलही हमखास विचारणा होते. साध्या मल्टियूजर मांडणीत टॅली डेटाच्या फोल्डरात थेट लिहितं, म्हणून टॅलीवर बसणाऱ्या प्रत्येकाला त्या फोल्डरवर मॉडिफाय लागतं. टॅलीच्या आतला यूजर-पासवर्ड तो फोल्डर उचलून नेणं किंवा पुसणं थांबवत नाही. नेलेला डेटा दुसरीकडे उघडू नये यासाठी टॅली व्हॉल्टचा पासवर्ड आहे, तो लावा. आणि टॅलीचा डेटा बाकीच्या फाइलींमध्ये न ठेवता स्वतःच्या फोल्डरात, फक्त 'हिशोब' गटापुरता ठेवा.

'मग सगळं गूगल ड्राइव्हवरच टाकतो'

टाका, काही हरकत नाही. पण तिथेही 'लिंक असलेल्या कुणालाही' असा पर्याय आहे, आणि तो आपल्या 'एव्हरीवन'चा सख्खा भाऊ आहे. फरक इतकाच की इथे 'एव्हरीवन' म्हणजे तुमच्या वायफायवरचे, आणि तिथे 'कुणीही' म्हणजे जगातलं कुणीही. कुणाला काय द्यायचं हा विचार तुम्हालाच करावा लागतो, जागा बदलली तरी.

आणि आता तो विचार कायद्यानेही करायला सांगितला आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ला झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले आणि टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. क्लायंटचा, रुग्णाचा, विद्यार्थ्याचा डेटा सांभाळणाऱ्याने वाजवी सुरक्षा ठेवायची आहे. डेटापर्यंत कोण पोचू शकतं यावर नियंत्रण आणि कोण पोचलं याची नोंद, दोन्ही त्यात येतात. कमाल दंड २५० कोटी रुपयांपर्यंत आहे. छोट्या ऑफिसाला हा आकडा दाखवून घाबरवणं मला पटत नाही, दंड ठरवताना चूक किती गंभीर हे पाहिलं जाणार आहे. पण 'आमच्याकडे सगळ्यांना सगळं उघडं होतं' हे उत्तर कुणालाच देता येणार नाही.

तपासायचं कसं, आणि माणूस सोडून गेल्यावर

हक्क लावून झाले की आपल्या मशीनवरून बघू नका, तुम्हाला सगळं उघडणारच. आर्टिकलच्या मशीनवर, त्याच्या नावाने साइन-इन करून 'पगार' उघडून बघा. नाकारलं गेलं पाहिजे. मग 'नमुने'मधली फाइल उघडून सेव्ह करून बघा. तेही नाकारलं गेलं पाहिजे. मग 'क्लायंट'मध्ये एक फाइल बनवा, बदला, पुसा. हे तिन्ही जमलं पाहिजे. ज्या मशीनवर फोल्डर आहे तिथे 'ॲडव्हान्स्ड'मध्ये 'इफेक्टिव्ह ॲक्सेस' नावाचा टॅबही आहे. माणसाचं नाव टाकलं की सगळे गट धरून त्याच्या हाती नक्की काय येतं ते तो दाखवतो.

कुणी काम सोडलं की त्याच संध्याकाळी त्याचं खातं 'डिसेबल' करा. लगेच 'डिलीट' करू नका. विंडोज माणसाला नावाने ओळखत नाही, आत दिलेल्या एका लांबलचक क्रमांकाने ओळखतं. खातं पुसलं की फोल्डरांच्या उताऱ्यावर नावाच्या जागी तो निर्जीव क्रमांक उरतो, आणि त्याच नावाने पुन्हा खातं केलं तरी क्रमांक नवीन मिळतो, जुने हक्क परत येत नाहीत. बंद केलेलं खातं दोन-तीन महिने तसंच राहू द्या, त्याच्या फाइली कुणाच्या ताब्यात द्यायच्या ते ठरवा, मग पुसा. आणि स्कॅनरमध्ये किंवा रिसेप्शनच्या मशीनवर त्याचा पासवर्ड कुठे जपून राहिला नाही ना, ते त्याच दिवशी बघा.